पदवी सीमा ओलांडते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नगरचा इतिहास सांगायला बसले की आधी अहमद निजामशहा येतो, मग चांदबीबी येते, भुईकोट किल्ला येतो आणि त्या किल्ल्यातले १९४२ चे राजबंदी येतात. आज मला याच शहराच्या आधाराने एका साध्या वस्तूचा इतिहास सांगायचा आहे. ती वस्तू म्हणजे पदवीचा कागद.

नगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. या जिल्ह्यातल्या लोणी, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी या भागांतून मुले-मुली शिकून परदेशी जाऊ लागली, त्यालाही आता बराच काळ लोटला. कुणी नर्स म्हणून जाते, कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर. काही जण उलट्या दिशेनेही येतात. रशियात, चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन परत येतात. या सगळ्यांच्या घरी एक प्रश्न हमखास विचारला जातो: "पदवी मिळाली ना? मग पुन्हा परीक्षा कशाला?" आई-वडिलांनी जमीन गहाण टाकलेली असते, बँकेचे हप्ते सुरू झालेले असतात आणि तिकडून फोन येतो की, अजून नोंदणी झालेली नाही, तोवर दुसरे काहीतरी काम करतो आहे. वडिलांना कळत नाही, की इथे डॉक्टर असलेला मुलगा तिथे डॉक्टर का नाही.

हा प्रश्न आजचा वाटतो. प्रत्यक्षात तो दीडशे वर्षे जुना आहे आणि त्याच्या खुणा खुद्द नगर शहरात तीन ठिकाणी सापडतात. एक जुने इस्पितळ, एक किल्ला आणि एक छावणी.

आधी इस्पितळाकडे जाऊ. आज आपण ज्याला बूथ हॉस्पिटल म्हणतो, त्याला जुनी माणसे मिशन हॉस्पिटल म्हणत. २०२० साली करोनाच्या दिवसांत या रुग्णालयाचे नाव जिल्ह्याबाहेरही पोहोचले. आता ते मुक्तिफौजेचे, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचे आहे. पण त्याचा आरंभ अमेरिकन मराठी मिशनने केला. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला डॉ. रूथ ह्यूम यांनी बायका-मुलांसाठी ते काम उभे केले. त्या नगरचेच मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांच्या कन्या. वैद्यकीय शिक्षण त्यांनी अमेरिकेत घेतले होते. नगरला आल्यावर त्यांच्या पदवीचे काय झाले? कुणी ती तपासली? कुणी पुन्हा परीक्षा घेतली?

तशी सोयच तेव्हा नव्हती. कारण मुंबई इलाख्यात डॉक्टरांचे नोंदणीपुस्तकच नव्हते. ज्याला उपचार येतात असे लोकांना वाटे, तो उपचार करी. वैद्य होते, हकीम होते, सुईणी होत्या, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर होते. पुरुष डॉक्टरपुढे हात पुढे करायलाही लाजणाऱ्या बाईला स्त्री डॉक्टर मिळाली, एवढेच तिला पुरे होते. तिची पदवी फिलाडेल्फियाची की एडिंबरोची, हे विचारण्याचे तिला कारण नव्हते. गरजेने पदवीला मान्यता दिली होती.

याच न्यायाने त्याआधी एका मराठी मुलीची अमेरिकन पदवीही इकडे मानली गेली होती. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रीविभागासाठी त्यांची नेमणूक केली. संस्थानाला कुणाची परवानगी विचारावी लागली नाही. दुर्दैव असे, की फेब्रुवारी १८८७ मध्ये आनंदीबाई गेल्या आणि त्या जागेवर काम करणे त्यांच्या नशिबी आले नाही. पण समजा, त्या वाटेत लंडनला उतरल्या असत्या आणि तिथे डॉक्टर म्हणून नाव नोंदवायला गेल्या असत्या तर? तर त्यांना थेट नोंद मिळाली नसती. कारण इंग्लंडमध्ये नोंदणीपुस्तक आधीच तयार झाले होते.

आपल्या प्रश्नाचे मूळ या पुस्तकात आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १८५८ साली वैद्यकीय कायदा केला आणि जनरल मेडिकल कौन्सिल ही संस्था स्थापन केली. हेतू चांगला होता. खरा डॉक्टर कोण आणि भोंदू कोण, हे लोकांना कळावे म्हणून शिकलेल्या डॉक्टरांची एक यादी करायची आणि छापायची. पण यादी केली की यादीबाहेरचे लोकही तयार होतात. नव्याने येणाऱ्याला परदेशी पदवीवर या यादीत जागा नव्हती. ब्रिटनमधल्या परीक्षा संस्था स्त्रियांना परीक्षेला बसू देत नसत आणि स्त्रियांनी झुरिचला किंवा पॅरिसला जाऊन पदवी आणली, तर ती परदेशी म्हणून चालत नसे. दार एकच आणि कड्या दोन. पहिली कडी निघायला १८७६ चा कायदा व्हावा लागला. त्यानंतरही प्रत्येक संस्थेचे दार आपापल्या सवडीने उघडले. आपल्या डॉ. रखमाबाई १८८९ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत गेल्या. त्या शिकल्या लंडनमध्ये, पण पात्रतेसाठी त्यांना एडिंबरो, ग्लासगो आणि ब्रसेल्सची वाट धरावी लागली. लंडनच्या रॉयल कॉलेजांची परीक्षा तेव्हा स्त्रियांना खुली नव्हती. १८९४ साली पात्र होऊन त्या परतल्या आणि पुढे सुरत, राजकोट इथे त्यांनी आयुष्यभर काम केले.

आपल्याकडे असे पुस्तक आले १९१२ साली. मुंबई इलाख्याचा वैद्यकीय कायदा त्या वर्षी झाला. ब्रिटनच्या यादीतले डॉक्टर आणि इथल्या मान्य संस्थांतून बाहेर पडलेले डॉक्टर यांची नोंद होऊ लागली. बाकीच्यांना उपचार करायला पूर्ण बंदी नव्हती. पण कायद्याने ग्राह्य असा दाखला देणे, सरकारी जागेवर नेमणूक मिळणे हे नोंदणी असलेल्यालाच शक्य होते. म्हणजे पदवी हातात असणे एक आणि पुस्तकात नाव असणे दुसरे, ही दुहेरी व्यवस्था इथून आपल्याकडे रुजली. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या किंवा परदेशाहून येणाऱ्या माणसाची गाडी याच ठिकाणी अडते. त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर बोटीतून येते, विमानातून येते. पुस्तकातले नाव मात्र मागे राहते.

आता किल्ल्यात जाऊ. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना अटक झाली आणि कार्यकारिणीचे बारा जण नगरच्या किल्ल्यात आणले गेले. मौलाना आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब, असफ अली आणि सय्यद महमूद. नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे आपण शाळेत शिकतो. पण या बारा जणांत बॅरिस्टर किती होते, हे फारसे कुणी मोजत नाही. नेहरू, पटेल, असफ अली आणि सय्यद महमूद हे चौघे लंडनला जाऊन बॅरिस्टर झालेले होते.

डॉक्टरांच्या बाबतीत जी अडचण पाहिली, तिचे उलटे चित्र इथे दिसते. लंडनच्या चार 'इन्स'पैकी एकीत नाव घालायचे, ठरलेल्या मुदती भरायच्या, परीक्षा द्यायच्या आणि सनद घेऊन मुंबईला उतरायचे. हायकोर्टाचे दार अशा माणसाला सरळ उघडत असे. याउलट इथेच शिकून इथलीच एलएल.बी. झालेल्या वकिलाला मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला उभे राहता येत नसे. त्यासाठी त्याने अ‍ॅडव्होकेटची वेगळी आणि अतिशय अवघड परीक्षा द्यायची. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखा विद्वान ती परीक्षा देऊनच तिथे पोहोचला. वल्लभभाई पटेल गोध्रा-बोरसदकडे जिल्हा वकील म्हणून चांगले नाव कमावून होते. तरी पस्तिशीच्या घरात असताना, १९१० साली, ते लंडनला गेले आणि १९१३ मध्ये बॅरिस्टर होऊन परत आले. फौजदारी खटला कसा चालवावा, हे लंडनने त्यांना शिकवले असे कोण म्हणेल? ते त्यांना बोरसदच्या कोर्टातच येत होते. लंडनने दिली ती प्रतिष्ठा आणि फीचा दर.

म्हणजे परदेशी पदवी काही ठिकाणी स्वतःच्या देशातल्या पदवीपेक्षा वरचढ असे आणि काही ठिकाणी कवडीमोल. हे कशावर ठरे? कागदावर काय लिहिले आहे, यापेक्षा तो कागद कुणाचा आहे आणि कुठे दाखवला जातो आहे, यावर. राज्यकर्त्या देशाचा कागद वसाहतीत चाले. वसाहतीतल्या माणसाने तोच कागद गोऱ्यांच्या दुसऱ्या मुलखात दाखवला, की प्रश्न निघत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण गांधीजींचे आहे. मोहनदास गांधी १८९१ साली लंडनला बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टात त्यांनी नाव नोंदवले. पुढे दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर १८९४ साली नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिली करण्यासाठी त्यांनी अर्ज केला. सनद लंडनची होती, म्हणजे साम्राज्याच्या राजधानीची. त्यात खोट काढणे कठीण. पण तिथल्या वकिलांच्या संस्थेने विरोध केला. एक आक्षेप असा, की मूळ इंग्लिश प्रमाणपत्र अर्जाला जोडलेले नाही. ते मुंबई हायकोर्टात नाव नोंदवताना जमा झाले होते. आणि खरा आक्षेप असा, की वकिलांच्या प्रवेशाचे नियम केले तेव्हा काळ्या माणसाचा विचार कुणी केला नव्हता. न्यायालयाने हा विरोध फेटाळला. कायदा गोऱ्या-काळ्यात भेद करत नाही, असे सांगून गांधीजींना प्रवेश दिला. आज एखाद्या कचेरीत "ओरिजिनल कुठे आहे?" या प्रश्नापुढे ज्यांचे महिनोन् महिने जातात, त्यांनी हे आठवावे. कागदाची उणीव अनेकदा खरी असते. कधी कधी मात्र ती पुढे करून दुसरीच गोष्ट झाकलेली असते. पुढे १९२२ साली राजद्रोहाच्या शिक्षेनंतर लंडनच्या त्या संस्थेने गांधीजींचे नाव आपल्या पटावरून काढले आणि ते पुन्हा घातले १९८८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. नाव लिहिणाऱ्याला ते खोडताही येते.

पुन्हा डॉक्टरांकडे वळू. कारण या विषयातली आपली मोठी लढाई त्यांनी लढवली. १८९२ पासून हिंदुस्थानातल्या विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या ब्रिटनमध्ये मान्य होत्या. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर तिकडे नाव नोंदवू शकत असे. पहिल्या महायुद्धानंतर लंडनच्या कौन्सिलने विचारणा सुरू केली, की तुमच्याकडे बाळंतपणाचे प्रत्यक्ष शिक्षण पुरेसे होते का? विद्यार्थ्याने स्वतः किती बाळंतपणे केली पाहिजेत, याचा त्यांचा नियम होता. १९२२ साली सर नॉर्मन वॉकर पाहणीला आले. १९२४ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीची मान्यता गेली. मग एक कायमचा निरीक्षक नेमावा, त्याच्या शब्दावर मान्यता ठरावी, असा प्रस्ताव आला. मध्यवर्ती असेंब्लीतल्या आपल्या सभासदांनी त्याला विरोध केला. आमच्या शिक्षणावर बाहेरचा माणूस का, असा त्यांचा सवाल होता. अखेर फेब्रुवारी १९३० मध्ये लंडनने हिंदुस्थानातल्या सगळ्याच विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली.

ते दिवस मिठाच्या सत्याग्रहाचे होते. त्या धामधुमीत ही बातमी मोठी वाटली नसेल. पण ज्याचा मुलगा एफ.आर.सी.एस.साठी निघायचा होता, त्या घरी काय झाले असेल याची कल्पना करा. गुणवत्तेचा मुद्दा अगदीच खोटा होता असेही नाही. बाळंतपणाच्या शिक्षणात उणिवा होत्या आणि त्या आपल्याकडच्या जाणत्या डॉक्टरांनाही माहीत होत्या. वाद होता तो तपासणार कोण याचा. यातून १९३३ चा भारतीय वैद्यकीय परिषदेचा कायदा झाला. आपले शिक्षण आपली परिषद तपासील आणि दुसऱ्या देशाशी मान्यतेची देवाणघेवाण बरोबरीने करील, हे तत्त्व आले. तुम्ही आमची पदवी माना, आम्ही तुमची मानू. १९३६ साली लंडनने पुन्हा मान्यता दिली.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची आहे. पण तिला एक दुसरी बाजू आहे. या नव्या परिषदेने विद्यापीठाच्या पदवीधरांना आत घेतले आणि परवानाधारक डॉक्टरांना बाहेर ठेवले. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या शाळांतून शिकून एल.सी.पी.एस. वगैरे झालेले डॉक्टर म्हणजे हे. जुन्या पिढीला ही अक्षरे दवाखान्याच्या पाटीवर वाचल्याचे आठवत असेल. खेड्यापाड्यांचा भार बराचसा यांच्याच खांद्यावर होता. प्रांताच्या पुस्तकात त्यांचे नाव होते, पण अखिल भारतीय परिषदेच्या लेखी ते नव्हते. लंडनने आपल्याला बाहेर ठेवले म्हणून रागावलेल्या लोकांनी पहिल्याच फटक्यात आपल्यातल्या मोठ्या वर्गाला बाहेर ठेवले. त्यांच्या संघटनांनी यावर वर्षानुवर्षे आवाज उठवला. पुढे १९४६ मध्ये भोर समितीने एकाच प्रकारच्या पदवीची शिफारस केली, पुण्याच्या शाळेचे महाविद्यालय झाले आणि तो भेद हळूहळू मिटला.

आता तिसरे ठिकाण, छावणी. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. देशभरातले जर्मन नागरिक शत्रूदेशाचे म्हणून पकडले गेले आणि त्यांतल्या बहुतेकांना नगरच्या लष्करी छावणीत आणून ठेवले. गिर्यारोहक हाइनरिक हारर, जो पुढे डेहराडूनच्या छावणीतून पळून तिबेटात गेला, तोही आधी इथेच होता. बौद्ध भिक्षू लामा गोविंद इथेच होते. व्यापारी होते, पाद्री होते. आणि याच तारेच्या कुंपणात हिटलरच्या जाचातून पळून आलेले ज्यू निर्वासितही होते. त्यांत डॉक्टरही होते.

या डॉक्टरांच्या पदवीची कहाणी काय होती, ते ऐका. जुलै १९३८ मध्ये जर्मन सरकारने फर्मान काढले, की ३० सप्टेंबरपासून सर्व ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द. काही मोजक्यांना फक्त ज्यू रुग्णांवर उपचार करायची मुभा राहिली, पण स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायचे नाही. 'रुग्णोपचारक' म्हणायचे. बर्लिन, व्हिएन्नासारख्या शहरांत वीस-वीस वर्षे काम केलेला माणूस एका तारखेला डॉक्टर राहिला नाही. त्याच्या हातातले कसब तेच होते. फक्त पुस्तकातले नाव खोडले होते. असा माणूस ब्रिटनमध्ये पोहोचला, तर तिथल्या डॉक्टरांच्या संघटनांना आपल्या पोटाची काळजी होती. ऑस्ट्रियातून आलेल्या डॉक्टरांपैकी फक्त पन्नास जणांना घ्यायचे, त्यांनीही पुन्हा दोन वर्षे शिकायचे, असे ठरले. पण युद्ध पेटले, ब्रिटनचे डॉक्टर आघाडीवर गेले, इस्पितळे ओस पडू लागली आणि १९४१ साली त्याच निर्वासित डॉक्टरांना तात्पुरती नोंदणी देण्यात आली. तीन वर्षांत त्यांचे ज्ञान वाढले होते का? नाही. गरज वाढली होती.

हिंदुस्थानात आलेल्यांची तऱ्हा निराळी. जर्मनीने ज्यू म्हणून हाकलले आणि इंग्रज सरकारने जर्मन म्हणून पकडले. नगरच्या छावणीत सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी केली. खरा निर्वासित कोण आणि नाझींचा माणूस कोण, हे निवडून अनेकांना सोडले. आपण ज्या रस्त्यांवरून रोज जातो, त्या नगरमध्ये अशी माणसे काही महिने राहून गेली, ज्यांच्याजवळ पदवी होती आणि ती मानणारा देश उरला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. ब्रिटनमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिला डॉक्टर कमी पडू लागले. १९३६ ला परत मिळालेली मान्यता आता उपयोगी आली. मुंबई-पुण्याचे पदवीधर तिकडे गेले, नाव नोंदवले, कामाला लागले. तिथल्या डॉक्टरांना नको असलेली कामे, म्हणजे वृद्धांचे दवाखाने, मनोरुग्णालये, कोळशाच्या खाणींच्या गावातली प्रॅक्टिस, यांनी सांभाळली. मग १९७५ साली ब्रिटनने भारतीय पदवीची आपोआप मिळणारी मान्यता थांबवली आणि इंग्रजीची व वैद्यकीय ज्ञानाची परीक्षा लावली. हीच पुढे 'प्लॅब' नावाने ओळखली जाऊ लागली. आपणही बरोबरीचा हिशेब केला. नोव्हेंबर १९७८ नंतरच्या ब्रिटिश पदव्यांची मान्यता भारताने काढली. वकिलीतही तसेच झाले. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्याने सगळे वकील एका पंगतीला बसवले आणि ३१ डिसेंबर १९७६ नंतर बॅरिस्टर झालेल्याला केवळ त्या बळावर भारतात वकिली करता येईनाशी झाली. किल्ल्यातल्या त्या चौघांच्या काळातले वैभव तिथे संपले.

आणि आज? आज नियम लावणारे आपणही आहोत. परदेशात वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्या भारतीय मुलांसाठी २००२ पासून चाळणी परीक्षा आहे. तिच्यात पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे कितीतरी जास्त असतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतले पदव्युत्तर शिक्षण मात्र २००८ पासून आपण ग्राह्य धरतो. जुन्या परिषदेच्या जागी २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. इथे शिकलेला आणि बाहेर शिकून आलेला, दोघांनी एकच परीक्षा द्यावी अशी तरतूद त्याच्या २०१९ च्या कायद्यात आहे. तिची अंमलबजावणी लांबत गेली, पण तत्त्व म्हणून ती मला न्याय्य वाटते. ज्या मोजपट्टीने परक्याला मोजायचे, त्याच मोजपट्टीने घरच्यालाही मोजले पाहिजे.

जगातही थोडा शहाणपणा आला आहे. अभियांत्रिकीत 'वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्ड' नावाचा करार आहे. भारत २०१४ साली त्याचा पूर्ण सभासद झाला. आपल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना इतर सभासद देश बरोबरीचे समजतात. वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाने २०२३ मध्ये आपल्या आयोगाला दहा वर्षांसाठी मान्यता दिली. कागदपत्रांवरच्या शिक्क्यांची दगदग २००५ पासून 'अपोस्टिल'मुळे कमी झाली, कारण त्या करारातले देश एकमेकांचा एकच शिक्का मानतात. आणि ज्या जर्मनीने १९३८ साली डॉक्टरांच्या पदव्या एका फर्मानाने पुसल्या, त्याच जर्मनीने २०१२ साली कायदा करून परदेशी पदवीधराला आपली पात्रता तपासून घेण्याचा हक्क दिला. कागदपत्रे पूर्ण झाली की साधारण तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, असे बंधनही घातले. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तो याच पार्श्वभूमीवर. उद्या नगर जिल्ह्यातली एखादी नर्स तिकडे गेली, तर तिला भाषा शिकावी लागेल, काही कमी पडले तर ते भरून काढावे लागेल. पण काय कमी आहे, हे तिला लेखी कळेल. ऐंशी वर्षांपूर्वी हे कळण्याचीही सोय नव्हती.

मग त्या वडिलांच्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे? पदवी मिळाली, मग पुन्हा परीक्षा कशाला?

पहिले उत्तर असे, की परीक्षा हा अपमान नाही. टेबलावर झोपलेल्या रुग्णाला डॉक्टर निवडायची संधी नसते. त्याच्या वतीने कुणीतरी तपासले पाहिजे. नगरच्या किंवा मँचेस्टरच्या, कुठल्याही रुग्णाचा हा हक्क आहे. दुसरे उत्तर असे, की प्रत्येक परीक्षा मात्र या हक्कासाठी घेतलेली नसते. नियम ज्ञान मोजतो आहे की माणूस कुठून आला ते मोजतो आहे, हे ओळखण्याच्या तीन खुणा इतिहासाने दाखवल्या आहेत. नियम आधीपासून सगळ्यांना माहीत आहे का? घरच्याला आणि परक्याला तो सारखा लागू आहे का? आणि अर्जाला ठरल्या मुदतीत कारणासह उत्तर मिळते का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर मुकाट्याने अभ्यासाला बसावे. 'नाही' असेल, तर गांधीजींसारखा अर्ज लावून धरावा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. परदेशी शिकायला किंवा नोकरीला निघण्याआधी एजंटाला विचारायचे ते विचारा, पण त्या देशात तुमच्या पेशाचे नोंदणीपुस्तक कुणाकडे आहे, हे शोधून थेट त्यांना विचारा. माझी ही पदवी, या महाविद्यालयाची, या वर्षाची. तुमच्या पुस्तकात नाव येण्यासाठी मला आणखी काय करावे लागेल? याचे उत्तर लेखी घ्या आणि मगच जमिनीच्या कागदाला हात लावा. परदेशी शिकून इथे परतायचे असेल, तर हाच प्रश्न निघण्याआधी आपल्या आयोगाला विचारा. प्रवेश घेतल्यानंतर विचारून उपयोग नसतो.

जे इथे राहिले आहेत, त्यांच्यासाठीही यात काही आहे. आपल्या गावच्या दवाखान्यात उद्या एखादा बाहेर शिकून आलेला डॉक्टर बसेल. चाळणी परीक्षा पार करून, दोन-तीन वेळा अपयश पचवून तो आलेला असेल. "हा तर तिकडचा" असे म्हणून आपण त्याच्याकडे पाठ फिरवणार का? नगरच्या बायका एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा त्यांनी पदवीचा देश विचारला नव्हता. आज आपल्याकडे तपासायची व्यवस्था आहे. तिच्यातून जो पार पडला, तो आपला डॉक्टर, एवढे मानायला आपली हरकत नसावी.